राखणदाराने गिळलेला काना

मात्राताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. त्या कचेरीत टंकलेखिका होत्या, तेव्हाच हे नाव त्यांना चिकटले. कुणाच्या मसुद्यात एखादा काना राहून गेला किंवा ऱ्हस्व-दीर्घाची अदलाबदल झाली, की त्या गाजावाजा करायच्या नाहीत. कागद घेऊन त्या माणसाच्या टेबलापाशी जायच्या आणि त्याची प्रकृती विचारावी अशा आवाजात म्हणायच्या, "हे असंच हवंय का?" भले भले साहेब या प्रश्नाला टरकून असत.

निवृत्त झाल्यावर बोटांना चैन पडेना. मग त्यांनी बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर मांडला आणि आसपासच्या लोकांचे टायपिंग करून द्यायला सुरुवात केली. इमारतीच्या सूचना, वाचनालयाचा अहवाल, कुणाचे भाषण, कुणाची कविता. कविता त्या जरा नाखुशीनेच घेत. चूक दाखवली की कवी तिला प्रतिभा म्हणतात, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांची टायपिंगची तऱ्हा बघण्यासारखी होती. पाठ ताठ, डोळे कागदावर आणि बोटे आपापल्या वाटेने चाललेली. पडद्याकडे बघत टाइप करणे त्यांना कमीपणाचे वाटे. स्वेटर विणणारी बाई कधी सुयांकडे बघत बसते का, असे त्या विचारत.

मात्राताईंना लेक एकच, आणि जावई कॉम्प्युटरच्याच कामातला. माणूस सज्जन, हुशार. पण अबोल इतका की तो आला आहे हे दारातल्या बुटांवरूनच कळावे. लग्नाआधी मात्राताईंचे त्याच्याबद्दल मत बरे नव्हते आणि ते त्यांनी झाकूनही ठेवले नव्हते. पुढे मत बदलले, पण ते बदलल्याचे त्याला सांगायचे कसे, हे काही त्यांना सुचले नाही. त्या त्याला "जावईबापू" म्हणत आणि अहो-जाहो करीत. तो त्यांना "आई" म्हणे, आणि पुढे काय बोलावे ते न कळून पाणी पिई. इतकी वर्षे तो त्या घरात सोफ्याच्या कडेवरच बसत आला होता, जसे काही आत्ता कुणी तरी त्याचा नंबर पुकारणार आहे.

अशा या जावयाने एकदा आपण होऊन एक गोष्ट केली. वाचनालयाचा अख्खा अहवाल मात्राताईंच्या कॉम्प्युटरमधून बेपत्ता झाला होता आणि त्या दोन वेळा जेवल्या नव्हत्या, हे लेकीकडून त्याच्या कानावर गेले. पुढच्या भेटीत तो पावाच्या लादीएवढी एक काळी पेटी घेऊन आला. ती कॉम्प्युटरला जोडली, बराच वेळ काहीबाही केले आणि घाम पुसत म्हणाला, "आई, आता तुमचं एकही अक्षर हरवणार नाही." त्या घरातले त्याचे हे सर्वांत लांब वाक्य.

त्याने जे बसवले त्याचे नाव होते राखणदार. कॉम्प्युटरवर जे जे येईल त्याची एक प्रत तो आपसूक काळ्या पेटीत ठेवणार आणि दुसरी इंटरनेटवरून लेकीच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवणार. पडद्याच्या कोपऱ्यात काठी घेतलेला एक चिमुकला पहारेकरी येरझाऱ्या घालू लागला. मात्राताईंना भरून आले. साड्या देणारे जावई असतात, सहलीला नेणारे असतात. पण सासूची अक्षरे राखणारा जावई त्यांनी कुठे ऐकला नव्हता.

सुरुवातीला सगळे बरे चालले. मग हळूहळू कॉम्प्युटरला जडपणा आला. सकाळी तो सुरू केला की चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाला तरी त्याचे डोळे उघडलेले नसत. उघडले तरी पहारेकरी आधीच पळापळ करीत असे आणि काळी पेटी दमेकऱ्यासारखी घरघरत असे. मात्राताई एक ओळ टाइप करून थांबत, आणि मग लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी अक्षरे एकेक करून पडद्यावर येत. त्यांतली काही येतच नसत. एवढ्या कामाच्या रगाड्यात कॉम्प्युटर मधलीच एखादी कळ गिळून टाकी, आणि दुर्दैवाने त्याला सगळ्यांत जास्त काना आवडे.

पहिला फटका इमारतीच्या सूचनेला बसला. "प्रत्येकाने जाता-येता मुख्य दार लावून घ्यावे" याऐवजी "मुख्य दर लावून घ्यावे" असे छापले गेले आणि हा कसला नवा दर, अशी जिन्याजिन्यात कुजबुज झाली. मात्राताईंनी तो कागद गुपचूप काढून आणला आणि तेव्हापासून मान मोडेपर्यंत पडद्याकडे बघत टाइप करू लागल्या. सुयांकडे बघत विणायची पाळी आली होती.

घरात दाद मागायची सोय नव्हती. त्यांचे यजमान एका कारखान्याच्या भांडारात जन्म काढून निवृत्त झालेले. इमारतीत त्यांना सगळे भांडारसाहेब म्हणत. त्यांच्याकडे प्रत्येक किल्लीची दुसरी किल्ली होती, आणि काही तर अशा कुलपांच्या होत्या की ती कुलपे कुणी कधी पाहिलीच नव्हती. राखणदारावर त्यांचा मनापासून जीव जडला. या घरात आपल्यासारखे कुणी तरी आले, असे त्यांना वाटत असावे. कॉम्प्युटर मंद झाल्याची तक्रार बायकोने केली की ते म्हणत, अगं, पहारेकरी पळत नसतो, तो फेऱ्या घालतो. आणि रोज दुपारी मात्राताई पडल्या की ते खुर्चीत बसून काहीतरी खुटखुट करीत. विचारले तर म्हणत, "आवराआवर."

जावयाला सांगावे, तर तिथेच खरे घोडे अडत होते. पूर्वी त्याचा फोन आला की तो फक्त हो, नाही आणि ठेवतो एवढेच बोले. आता तो दर वेळी आवर्जून विचारू लागला होता, "राखणदार काय म्हणतो?" विचारताना त्याच्या आवाजात असा काही उत्साह असे, की मात्राताईंना आपल्या लेकीने पहिलीत काढलेले वाकडेतिकडे घर आठवे. त्या चित्रात कुणी चूक काढते का? त्या म्हणत, "मजेत आहे हो," आणि रिसीव्हर ठेवून पडद्याकडे बघून सुस्कारा सोडत. एकदा आपण त्याला नको म्हटले होते. आता त्याने दिलेले पहिलेच काही परत करायचे म्हणजे दुसऱ्यांदा नको म्हणण्यासारखे झाले असते. त्यापेक्षा मान मोडलेली बरी.

तशात मानपत्राचे काम आले.

जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत होते. त्यांच्या निरोपाच्या मानपत्राचा मजकूर घेऊन चित्रकलेचे सर आले. मजकूर मात्राताईंनी टाइप करून जाड कागदावर छापून द्यायचा, त्याभोवती सर हाताने वेलबुट्टी काढणार आणि मग तो काचेच्या चौकटीत जाणार, असे ठरले होते. मात्राताईंनी मजकूर दोनदा टाइप केला, तीनदा वाचला आणि छापून दिला. पण पडद्याकडे बघून बघून डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि ज्या डोळ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका टिपल्या त्यांना स्वतःच्या चुका बघायची सवय नव्हती.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी चित्रकलेचे सर पुन्हा दारात उभे राहिले. हातात तो कागद होता. चारी बाजूंनी हिरवी वेल, मध्ये मध्ये जांभळी फुले, कोपऱ्यात दोन पोपट. सरांचे डोळे सुजलेले दिसत होते. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, एका ओळीखाली बोट ठेवले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "ताई, हे मुद्दाम आहे का? तसं असेल तर आम्हा सगळ्या शिक्षकांचा पाठिंबा आहे."

मात्राताईंनी वाचले. "सरांचे भषण सुरू झाले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा जागच्या जागी गप्प बसत."

भषण म्हणजे कुत्र्याचे भुंकणे, हे मात्राताईंना कुणी सांगायची गरज नव्हती. चित्रकलेच्या सरांचे बोट तोवर दोन ओळी खाली सरकले होते. तिथे मुख्याध्यापकपदाची माळ सरांच्या गळ्यात पडायची होती. तिचाही काना गेला होता, आणि सरांच्या गळ्यात मळ पडला होता.

पेनाने काना काढून चालेल का, असे त्यांनी चाचरत विचारले. सर म्हणाले की अक्षरांत तेवढी फट नाही, आणि काढलाच तर तो काना न वाटता सुरकुती वाटेल. संध्याकाळपर्यंत नवी प्रत मिळाली तर ते पुन्हा वेल काढायला बसणार होते. पोपट मात्र या वेळी एकच येईल, असे त्यांनी सांगून ठेवले.

सर गेले आणि मात्राताई खुर्चीत बसल्या त्या बसूनच राहिल्या. हे असंच हवंय का, असे ज्यांनी जन्मभर लोकांना विचारले, त्यांना आज कुणीतरी तेच विचारून गेले होते. यापुढे कुणी आपल्याकडे कागद घेऊन येईल की नाही, ही चिंता होतीच. पण आत्ता, या घटकेला, त्याहून मोठी पंचाईत समोर येरझाऱ्या घालत होती. राखणदार चालू असेपर्यंत मानपत्र शुद्ध निघणार नव्हते. आणि राखणदार बंद करायचा म्हणजे...

त्यांनी पहारेकऱ्यावर बाण नेऊन टिचकी दिली. एक चौकट उघडली. "राखणदाराला रजा द्यायची आहे का? तसे झाल्यास घरच्या जबाबदार व्यक्तीला कळवण्यात येईल."

भांडारसाहेब मागून चष्मा सरसावून वाचत होते. ते जबाबदार व्यक्ती म्हणजे आपणच असणार असे धरून चालले होते. खालच्या नंबरावरून ती आपण नसून जावई आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी बायकोला बजावले, की भांडार उघडे टाकून पहारेकऱ्याला घरी पाठवत नाहीत.

मात्राताईंनी विचार केला की चौकटीकडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळलेले बरे. त्यांनी जावयाला फोन लावला. त्याने "हॅलो, आई" म्हटले. त्यांनी त्याच्या खोकल्याची चौकशी केली. त्याला खोकला झालाच नव्हता. मग त्यांनी तिकडची हवा कशी आहे ते विचारले आणि फोन ठेवला. राहता राहिले ते बटण. डोळे मिटून त्यांनी ते दाबले.

पहारेकऱ्याने काठी बगलेत मारली आणि त्याच्या डोक्यावर अक्षरे उमटली: "हातातले काम संपवून निघतो." काळी पेटी पूर्वीपेक्षा जोरात घरघरू लागली. हातातले काम काही संपेना.

दुपारची जेवणे उरकत असताना जावई दारात हजर झाला. ऑफिसातून तसाच आला होता, गळ्यातले ओळखपत्रही काढले नव्हते. आधी खोकल्याची चौकशी करणारा फोन आणि पाठोपाठ राखणदाराला रजा दिल्याचा निरोप, यावरून सासूबाईंना काहीतरी झाले असा त्याचा समज झाला होता. सासूबाई धडधाकट उभ्या आहेत हे पाहिल्यावर तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि पाणी पिऊ लागला.

आता मात्र टाळणे शक्य नव्हते. मात्राताईंनी मनात एक गोड प्रस्तावना जुळवली होती, ती ऐन वेळी सापडेना. त्यांनी वेलबुट्टीचा कागद उचलला आणि मुकाट्याने त्याच्या हातात दिला.

जावई वाचू लागला. एका ओळीवर थांबला. पुन्हा मागे गेला. त्याचे खांदे हलले, तेव्हा मात्राताईंना वाटले, झाले, याला लागले. पण त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, पाण्याचा ठसका लागला, आणि तो माणूस हसायला लागला. हसता हसता तो सोफ्यावर मागे रेलला. त्या सोफ्याची पाठ त्याच्या पाठीला तेव्हा पहिल्यांदाच लागली असेल. "गळ्यात मळ," असे म्हणून तो पुन्हा हसे. मात्राताईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमले नाही.

"जावईबापू, तुमचा राखणदार माझे काने खातो," शेवटी त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

जावयाने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, आमच्याकडचा कॉम्प्युटर पण महिनाभर उठत नाहीये."

झाले असे होते, की इथून जाणाऱ्या प्रतींनी तिकडची जागा काठोकाठ भरली होती. लेक रोज कुरकुरत होती. रोज सासूबाईंकडून एवढे काय येते, याचे त्याला कोडे पडले होते. त्याने मनाशी धरले होते की त्या फार मोठा ग्रंथ लिहीत असणार, आणि तो बघावा कसा, थांबवावा कसा, या संकोचाने तो गप्प बसला होता. फोनवर राखणदाराची चौकशी करायचा, ती त्या कधीतरी आपण होऊन म्हणतील की पुरे झाले, या आशेने.

"आणि मी म्हणायचे, मजेत आहे," मात्राताई म्हणाल्या.

"हो. मग मला पुढे बोलताच यायचं नाही."

दोघांनी मिळून कॉम्प्युटर उघडला. सासूबाईंचा ग्रंथ म्हणजे सगळा मिळून चार कागदांचा ऐवज निघाला. बाकी जे होते ते एका कप्प्यात होते आणि कप्प्याचे नाव होते "जपून ठेवलेले". तो उघडला तर आत आणखी एक "जपून ठेवलेले". त्याच्या पोटात "जपून ठेवलेले, जादा". त्याच्याही आत "जादाची जादा". जावई टिचक्या देत खाली खाली उतरत गेला, विहिरीत उतरावे तसा, आणि तळ काही लागेना.

भांडारसाहेबांना त्याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात असल्याचा भास झाला. मात्राताईंनी त्यांना दारातच अडवले. "अहो, ही तुमची आवराआवर का?"

मग सगळे बाहेर आले. भांडारातला त्यांचा नियम असा, की एका मालाची नोंद दोन कपाटांत हवी. राखणदार काळ्या पेटीत प्रत ठेवतो हे ठीक. पण पेटीच बिघडली तर? म्हणून ते दुपारी पेटीतले सगळे उचलून पुन्हा कॉम्प्युटरवर आणून ठेवत. राखणदाराला वाटे, घरात नवा माल आला. तो इमानेइतबारे त्याची प्रत पेटीत ठेवी आणि एक लेकीकडे धाडी. दुसऱ्या दिवशी भांडारसाहेब बघत, तर पेटीतला माल वाढलेला. ते तोही उचलून आणत. असे दोन पहारेकरी एकमेकांची राखण करीत बसले होते आणि मधल्या मध्ये मात्राताईंचे काने चिरडले जात होते.

"मला वाटलं, माल वाढतोय म्हणजे धंदा बरा चाललाय," भांडारसाहेब पुटपुटले.

जावई या वेळी हसला नाही, त्याला सासऱ्यांचा स्वभाव कळत होता. त्याने त्यांना शेजारी बसवले आणि एक एक कप्पा पुसण्याआधी त्यांची परवानगी विचारली. प्रत्येक वेळी ते क्षणभर डोळे मिटून मान हलवीत. शेवटच्या कप्प्याला त्यांनी तोंडच फिरवले. राखणदाराच्या कामाची वेळ आता मात्राताई दुपारी पडतात तेवढीच राहील, अशी जावयाने व्यवस्था केली, आणि त्या वेळेत खुर्चीला कुणी हात लावायचा नाही, हे मात्राताईंनी वरून जोडले.

कॉम्प्युटरने मोकळा श्वास घेतला. मात्राताई बसल्या, पाठ ताठ केली, डोळे कागदावर लावले आणि बोटे सोडली. टपटपटप अक्षरे उमटत गेली. जावई उभा राहून बघत होता. त्याने त्यांना असे टाइप करताना कधी पाहिलेच नव्हते. मजकूर संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचा जरा. आज मला माझा भरवसा नाही."

त्याने मोठ्याने वाचले. सरांचे भाषण झाले, माळ गळ्यात पडली, सगळे काने जागेवर होते. चित्रकलेचे सर कागद न्यायला आले, आणि जुनी प्रत मागून घेऊन तीही पिशवीत घातली. शिक्षकांच्या खोलीतून तशी मागणी आहे, एवढेच ते म्हणाले.

मात्राताईंनी चहा ठेवला. कप जावयापुढे आला, तेव्हा त्याने तो उचलला नाही. तो सोफ्यावर नीट मागे टेकून बसलेला होता.

"आई, एक सांगू का? आज सांगायचा दिवस दिसतोय म्हणून."

"सांगा की."

"मला चहावर साय चालत नाही. पहिल्यापासूनच."

मात्राताईंचा हात पदराशी थांबला. जावई येणार म्हणून त्या दुधावरची जाड साय बाजूला काढून ठेवत आणि चमचा भरून त्याच्या कपात सोडत. इतकी वर्षे. त्यांनी विचारले, मग तुम्ही ती पीत होता की काय. तो म्हणाला, नाही, तुम्ही आत वळलात की बाबांच्या कपात टाकायचो.

भांडारसाहेबांनी आपला कप खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिले. जावई आला की आपल्याही कपात साय येते, ही आपल्यावर एवढी खूश का होते, असे त्यांना वाटत आले होते. ते त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते.

"तुम्ही प्या हो," मात्राताई म्हणाल्या. जावयाच्या कपातली साय त्यांनी चमच्याने काढली आणि यजमानांच्या कपात घातली. मग आतून वाटीतली उरलेली साय आणून तीही घातली. "आणि तू," त्या जावयाकडे वळल्या, आणि आपण तू म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आले नाही, "तू आणखी काय काय गिळून बसलायस ते एकदाच सांगून टाक बाबा."

जावई म्हणाला, इथे मुक्कामाला मिळते ती उशी फार उंच आहे.